पथ्य, उपवास आणि एक दिवसाची मुंबई

ग्लूटेन या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. गव्हाच्या चिकाला नाव आहे, कारण त्याच्या कुरडया होतात. कोंड्याला आहे, चोथ्याला आहे. पण मळलेल्या कणकेला जो चिवटपणा येतो, ज्याच्या बळावर पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगतो, तो देणाऱ्या प्रथिनांना वेगळे नाव द्यावे असे आपल्या स्वयंपाकघराला कधी वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. मात्र ज्याला नाव नाही ते टाळायचे कसे, आणि आपण ते टाळतो आहोत हे परक्या माणसाला सांगायचे कसे, हा प्रश्न सीलिअ‍ॅक आजाराचे निदान झाल्यापासून माझ्यासमोर आहे. घरी तो फारसा जाणवत नाही. पुण्याहून एका दिवसासाठी मुंबईला जावे लागले की त्याला धार येते.

या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्यावर गोळी नाही. ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हाच उपचार. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना महायुद्धापूर्वीच पावाचा संशय आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्या अनुभवाने संशय बळावला. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हावर बोट ठेवले. आज पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा पाळावी लागते. हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे ‘थोडंसं चालेल’ या प्रेमळ वाक्याची भीती का वाटते, ते कळेल.

मुंबई हे पावाचे शहर आहे. वडापाव, पावभाजी, मिसळपाव, इराण्याचा ब्रून. घाईत असलेल्या माणसाला हातात धरता येईल असे अन्न या शहराने घडवले आणि ते बहुतेक गव्हाचे आहे. पाव बाजूला ठेवला म्हणजे सुटलो, असेही नाही. भेळेतले कुरमुरे तांदळाचे, पण पुरी गव्हाची. बोंबील निर्धोक, पण तो रव्यात घोळवून तळलेला. इडली तांदूळ-उडदाची, पण सांबारात हिंग. आणि डबीतला पूड हिंग बहुधा शुद्ध नसतो, त्यात पीठ मिसळलेले असते, पुष्कळदा गव्हाचे. चिमूटभर हिंगाचा असा जाब विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वेटर ज्या नजरेने पाहतो, ती मला आता पाठ झाली आहे. विरोधाभास असा की ज्या मुलखाची ही राजधानी, त्याचे जुने अन्न ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ. १९९५ साली आलेल्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. ती टिकली नाही. त्या योजनेच्या राजकारणाबद्दल काय म्हणायचे ते म्हणा. स्टेशनाबाहेर भाकरी शोधताना मला तिची आठवण होते.

मागच्या खेपेस दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिके पाहायची होती. त्या दिवशी तीन शब्द वापरून पाहिले. पहिला ‘अ‍ॅलर्जी’. हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, पण त्याला वजन नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि काही वेळाने पापडाऐवजी पोळी वाढतो. दुसरा ‘पथ्य’. हा आपला शब्द, आजीच्या तोंडचा. ‘गव्हाचं पथ्य आहे’ म्हटले की समोरच्याचा चेहरा मऊ होतो. पण पथ्य आपल्याकडे तात्पुरते मानले जाते, आणि त्यात तडजोडीला वाव असतो. पथ्य मोडता येते, आग्रहाखातर तर हमखास मोडता येते. ‘एवढ्याशा घासाने काय होतंय’ हे वाक्य पथ्याच्या पाठोपाठ येतेच.

तिसरा शब्द ‘उपवास’. त्याचे सामर्थ्य पाहून मी थक्क झाले. एका जुन्या उपाहारगृहात मी साबुदाणा वडा मागितला आणि तो कोणत्या कढईत तळतात ते विचारले. गल्ल्यावरचे गृहस्थ जरा दुखावल्यासारखे म्हणाले, “ताई, उपवासाची कढई वेगळीच असते.” मग त्यांनी विचारले, “आज कसला उपवास?” मी म्हटले, “उपवास नाही, पण उपवासाचंच हवंय.” ते बुचकळ्यात पडले, पण वडा दिला. साबुदाणा, दाण्याचे कूट, राजगिरा, वरई, शिंगाड्याचे पीठ. गहू नाही, हिंग नाही. जे शास्त्र मला प्रयोगशाळेच्या भाषेत सांगता येत नव्हते, ते व्रताच्या भाषेत आधीच लिहिलेले होते. शरीराने घातलेली बंदी समाजाला शंकास्पद वाटते. देवासाठी स्वतःहून घातलेली बंदी तो कारण न विचारता पाळतो, तिच्यासाठी स्वतंत्र भांडे ठेवतो. या व्यवस्थेचा आसरा घेताना मला सुरक्षित वाटले आणि थोडे खिन्नही.

दुपारी एका लहानशा मालवणी खाणावळीत गेले. भाकरी तांदळाची होती. तोवर तिन्ही शब्दांचा कंटाळा आला होता, म्हणून मी नुसते पदार्थांबद्दलच विचारले: मावशी, पीठ कोणतं, परात कोणती, तवा कोणता? त्या हात पुसत बाहेर आल्या. “गहू बाधतो काय तुम्हाला?” त्यांनी विचारले. बाधणे! हे क्रियापद मला सुचले कसे नव्हते? त्यात रोगाचे नाव नाही, नवसाचा आधार नाही. पदार्थ आणि देह यांच्यातले वैर तेवढे आहे. मी हो म्हटले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग भाकरी खाऊ नका. चपातीची कणीक त्याच परातीत मळतो आम्ही. भात खावा, निवळ भात, नि दही.”

त्या दिवशी मला अनेकांनी आपुलकीने खाऊ घालायचा प्रयत्न केला होता. नको म्हणणाऱ्या त्या एकट्याच. आपल्याकडे आतिथ्याची भाषा आग्रहाची आहे, आणि तिच्यात नकाराला जागा फार कमी. त्या बाईंनी स्वतःच्या भाकरीविरुद्ध साक्ष दिली, गिऱ्हाईक जाईल हे ठाऊक असूनही. मी भात आणि दही खाल्ले, आणि पोटभर खाल्ले.