खाशाबांचे देणे

१९८४ सालच्या ऑगस्ट महिन्यात आमच्या घरी एकाच गोष्टीची हळहळ चालली होती. लॉस एंजेलिस येथे ८ तारखेस पी. टी. उषेचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते, आणि जेवणाच्या पानावरदेखील त्या शंभराव्या भागाचीच चर्चा होई. ‘एकट्याच्या बळावर पदक मिळविणे आपल्या लोकांच्या नशिबीच नाही,’ असे वडील म्हणत, आणि आम्ही कॉलेजात जाणारी भावंडे माना डोलावीत असू. ते सामने १२ तारखेस संपले. १४ तारखेस रस्त्यावरील अपघातात खाशाबा जाधव वारले. तसलेच पदक बत्तीस वर्षांपूर्वी मिळवून आणणारा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल आपल्यातच वावरत होता, हे आमच्यापैकी एकासही ठाऊक नव्हते. मजला ते पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हापासून ती हळहळ आठवली की मान खाली जाते.

हे निव्वळ अज्ञान होते असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून तालमीविषयी एक अढी असे. लाल माती म्हणजे कपडे मळविणारी, आणि पहिलवान म्हणजे अंगाने दांडगा तितकाच बुद्धीने मंद, ही समजूत आम्ही कधी तपासून पाहिली नाही. खाशाबा टिळक हायस्कुलात आणि राजाराम कॉलेजात शिकलेले. शरीरानेही आडमाप नव्हेत, चांगले आटोपशीर. अशा माणसास आमच्या त्या समजुतीत जागाच नव्हती.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनला गेले. मातीत पाय रुतवून, पाठ टेकवीपर्यंत झुंजावयाचे, ही आपल्याकडची कुस्ती. तिकडे गादीवर उभे राहावयाचे आणि गुणांचा हिशेब सांभाळावयाचा. घोटीव डावही पायांखालची भूमी बदलली की क्षणभर परके वाटत असले पाहिजेत. तरी ते सहावे आले, आणि परतून पुन्हा मेहनतीस लागले.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे, तर पैशांची तोंडमिळवणी होईना. गावाने वर्गणी जमविली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. या साऱ्या कथेत मला सर्वांत मोठा प्रसंग हाच वाटतो. घरे गहाण पडतात ती लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी, कोर्टकचेरीसाठी. आपल्या एका विद्यार्थ्यास कुस्ती खेळता यावी म्हणून घर गहाण टाकणारा प्राचार्य विरळा! आमच्या अढीला याहून सणसणीत उत्तर ते कोणते?

पुढचे सर्वांस ठाऊक आहे, किंवा असावयास हवे. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या इशीपुढे आणि सोव्हिएत मल्लापुढे मात्र ते हरले, आणि २३ जुलै रोजी कांस्यपदकाचे मानकरी झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि देशाचे डोळे तिकडे लागले. कऱ्हाडकरांनी मात्र बैलगाड्यांची मिरवणूक काढून आपल्या माणसाचे स्वागत केले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो निधनानंतर, दीड दशक उलटल्यावर. दुसरे वैयक्तिक पदक यावयास १९९६ साल उजाडले, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ते पुन्हा यावयास २०२४.

त्या वर्षी पॅरिसहून स्वप्नील कुसाळे याच्या पदकाची वार्ता आली, तेव्हा नातू माझ्याजवळ बसला होता. “आजोबा, याच्याआधी आपल्यातला कोण होता?” असे त्याने विचारले. या खेपेस मी निरुत्तर झालो नाही. गोळेश्वरपासून हेलसिंकीपर्यंतची सारी हकीकत मी त्यास सांगितली. मिरवणुकीतल्या बैलगाड्यांपाशी तो रमेल अशी माझी अपेक्षा. पण त्याचे मन भलतीकडेच अडकले होते.

“मग त्या सरांचे घर सुटले का?”

“सुटले. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरविले, आणि त्या पैशांतून कर्ज फेडून टाकले.”

“सगळे?”

“सगळे,” मी म्हणालो.