मिक्सरच्या मागची बाजू

स्पीकरमधून येणाऱ्या 'हम'ला स्वतःचा स्वर असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची; कानाला बऱ्याचदा जाणवतो तो तिच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा स्वर. पेटीवर शोधलात तर तो खर्जात पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये सापडेल, पांढरीकडे झुकलेला. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर हा स्वर त्याच्या पंचमाच्या अगदी जवळ, पण चढा लागतो. काळी एक असेल तर तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत राहतो आणि तानपुऱ्याच्या पंचमाशी भांडत बसतो. श्रोत्यांपैकी फार थोड्यांना 'हम येतोय' असं शब्दात सांगता येईल. पण आज तानपुरे नीट जुळले नव्हते का, असं मध्यंतरात कुणीतरी हमखास विचारतं. तानपुरे उत्तम जुळलेले असतात. चुकलेली असते ती एखादी केबल.

मैफली आणि नाटकं यांचा ध्वनी सांभाळणं हे माझं काम. लोकांना मिक्सर दिसतो तो समोरून: फेडरच्या रांगा, गेनच्या गोल चकत्या, लुकलुकणारे दिवे. मला विचाराल तर निम्मा निकाल मागच्या बाजूला लागलेला असतो, जिथे केबल शिरतात. तिथे चुकलेलं पुढच्या बाजूने दुरुस्त करता येत नाही. हम कापायला इक्वलायझरवर १०० हर्ट्झ खाली ओढला की डग्ग्याचा घुमारा आणि पुरुषी आवाजाचा पायाही त्याच्याबरोबर जातो.

मिक्सरचा माइक इनपुट बॅलन्स्ड असतो. त्याच्या केबलमध्ये एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्यावर जाळीचं आवरण, म्हणजे शील्ड. ही युक्ती ध्वनिवाल्यांची नाही, टेलिफोनवाल्यांची आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये पीळ दिलेल्या जोडतारेचं पेटंट घेतलं. टेलिफोनच्या तारा विजेच्या तारांशेजारून मैलोन्मैल जायच्या आणि बोलणं ऐकू यायला हवं असायचं. आपल्या हातातला मोठा जॅक, ज्याला बाजारात पी-३८ म्हणतात, तोही टेलिफोन एक्स्चेंजमधूनच आला आहे. १८७८ च्या सुमाराला ऑपरेटर ज्या पिना बोर्डात खुपसायचे, त्यांचाच हा वंशज.

दोन तारा कशाला? तराजू डोळ्यांसमोर आणा. तो उघड्यावर ठेवला आणि पाऊस आला तर दोन्ही पारड्यांत सारखंच पाणी साचतं आणि काटा हलत नाही. काटा हलतो तो आपण एका पारड्यात टाकलेल्या मालाने. बॅलन्स्ड इनपुट असाच दोन तारांमधला फरक तेवढा मोजतो. बाहेरून आलेला हम दोन्ही तारांवर सारखा चढतो आणि वजाबाकीत जातो. माइकचा सिग्नल हा फरकच असतो, तो राहतो. पण एका पारड्याचं तोंड दुसऱ्यापेक्षा मोठं असेल, तर पाणी सारखं साचणार नाही. ही सगळी कला त्या 'सारख्या तोंडात' आहे. दोन्ही तारांचा जमिनीच्या संदर्भातला इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, सारखा हवा.

हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण पुष्कळ पुस्तकांत चित्र वेगळं असतं. एका तारेत सरळ लहर, दुसरीत उलटी, आणि म्हणून हम जातो, असं शिकवतात. उलटी लहर असली तर सिग्नल दुप्पट मिळतो, हे खरं. पण हम जाण्याशी तिचा संबंध नाही. कितीतरी उपकरणांच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये दुसऱ्या तारेवर सिग्नल नसतोच, फक्त पहिल्या तारेइतकाच रेझिस्टर बसवलेला असतो. तरीही हम तितकाच चोख निघून जातो. ही गोष्ट नीट कळली की बॅलन्स्डपणा केबलचाही नसतो आणि पिनचाही नसतो, तो अख्ख्या साखळीचा गुण आहे, हे लक्षात येतं. पाठवणारा, केबल आणि घेणारा या तिघांपैकी एकानेही समतोल सोडला तर इतर दोघांचा उपयोग राहत नाही.

आणि पिनेवर विश्वास ठेवण्यातच सगळा घोटाळा आहे. तीन कड्यांचा जॅक घ्या, ज्याला आपण सरसकट 'स्टिरिओ जॅक' म्हणतो. टोक, मधली कडी आणि खालची बाही. हाच जॅक मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये बॅलन्स्ड मोनो असतो: टोकावर एक तार, कडीवर दुसरी. हेडफोनच्या भोकात तोच स्टिरिओ: टोकावर डावा, कडीवर उजवा. इन्सर्टच्या भोकात तो तिसरंच काम करतो: टोकावरून सिग्नल बाहेर जातो, कडीवरून परत येतो. तिन्ही ठिकाणी तो बसताना 'खट्' असा एकच आवाज करतो.

याचा सगळ्यात नाट्यपूर्ण परिणाम गॅदरिंगमध्ये आणि हौशी नाटकांत दिसतो. कुणीतरी लॅपटॉपच्या हेडफोनच्या छोट्या, म्हणजे ईपी, पिनेतून तीन कड्यांची केबल काढून सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसतं. मिक्सर इमानाने वजाबाकी करतो: डावा वजा उजवा. गाण्यात मधोमध ठेवलेलं सगळं, म्हणजे गायकाचा आवाज, ढोलक आणि बास, दोन्ही बाजूंना सारखंच असतं. ते शून्य होतं. उरतं ते कडेला ठेवलेलं: व्हायोलिनचा ताफा, कोपऱ्यातला खुळखुळा आणि गायकाच्या आवाजाच्या प्रतिध्वनीची शेपटी, जणू तो शेजारच्या खोलीत गातो आहे. नाटकातलं निवेदन तर बहुधा मोनोच रेकॉर्ड केलेलं असतं, त्यामुळे ते पूर्ण गायब. लॅपटॉपवर हेडफोन लावला तर सगळं व्यवस्थित. मग फाइल खराब आहे, मिक्सर बिघडला आहे, अशी चर्चा सुरू होते. कुणीतरी पिन अर्धवट बाहेर ओढून आवाज 'आणतो' आणि दुसऱ्या अंकात कुणाचा तरी पाय लागून ती पिन पुन्हा आत जाते. उपाय साधा आहे: एका बाजूला ईपी पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन स्वतंत्र मोनो पी-३८ अशी केबल, दोन चॅनेल, एक डावीकडे पॅन आणि एक उजवीकडे. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर ती कुठल्याही दुकानात मिळते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय: अनबॅलन्स्ड उपकरण बॅलन्स्ड इनपुटला जोडणं. की-बोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, लॅपटॉप या सगळ्यांचे आउटपुट बहुतेक वेळा अनबॅलन्स्ड असतात. एक तार सिग्नलची. परतीचा रस्ता म्हणजे शील्ड. बाजारातली तयार केबल एका टोकाला मोनो जॅक, दुसऱ्या टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर, आणि आत पिन १ व पिन ३ यांना तारेच्या तुकड्याने जोडलेलं अशी असते. ती वाजते. पण लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर असला की दोघांच्या 'अर्थ'मध्ये थोडा फरक असतो. तो फरक शील्डमधून करंट वाहवतो, शील्डवर थोडा व्होल्टेज पडतो, आणि शील्डच सिग्नलचा परतीचा रस्ता असल्यामुळे तो हम होऊन सिग्नलमध्ये मिसळतो. शील्डमधून तयार झालेली ही वाट म्हणजेच अर्थचा लूप.

हीच केबल मी दोन तारांच्या माइक केबलने बनवते. जॅकच्या टोकापासून एक तार पिन २ ला. जॅकच्या बाहीपासून दुसरी तार पिन ३ ला. शील्ड जॅककडे बाहीला आणि मिक्सरकडे पिन १ ला. पिन १ आणि ३ यांना मिक्सरच्या बाजूला जोडायचं नाही, एवढंच पथ्य. आता करंट शील्डमधून वाहिला तर वाहू दे. मिक्सर त्या उपकरणाची 'जमीन' कुठे आहे ते पिन ३ वरून वेगळं मोजतो आणि वजा करतो. दोन तारांचा इम्पीडन्स इथे तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे हम शंभर टक्के जात नाही, पण खूपच उतरतो. खर्च एका जास्तीच्या तारेचा. सोल्डर करताना तारांचा पीळ पिनांच्या अगदी जवळ येईपर्यंत मोडू नये आणि शील्डचा एकही केस पिन २ कडे वळू देऊ नये. एक्सएलआरचं झाकण पिरगाळून बंद करण्याआधी मीटरने प्रत्येक पिन तपासावी, कारण दोष असलेली केबल गप्प बसत नाही, ती अर्धवट वाजते. पिन ३ तुटलेल्या केबलमधून कितीतरी उपकरणं ६ डेसिबल कमी पातळीवर खुशाल वाजत राहतात. फेडर थोडा वर केला की कुणाला शंकाही येत नाही, आणि समतोल गेलेला असतो.

उलट दिशेचं, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुट अनबॅलन्स्ड इनपुटला देणं, थोडक्यात सांगते. ट्रान्सफॉर्मरचा आउटपुट असेल तर पिन ३ पिन १ ला जोडावीच लागते. काही इलेक्ट्रॉनिक आउटपुटना ती मोकळी सोडलेली चालते. उपकरणाचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय हे ठरवू नये.

पिकअप लावलेली वाद्यं ही वेगळी जात. व्हायोलिनला किंवा संतूरला चिकटवलेल्या पिएझो पिकअपची कपॅसिटन्स साधारण १ नॅनोफॅरड धरा. असा पिकअप १० किलोओमच्या लाइन इनपुटला थेट जोडला तर हिशोबाने सुमारे १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं, म्हणजे जवळजवळ अख्खं वाद्य. पत्र्यावर नख ओढल्यासारखा कोरडा आवाज येतो आणि वादकाला वाटतं आपला पिकअप स्वस्तातला आहे. तोच पिकअप १० मेगाओमच्या ॲक्टिव्ह डीआय बॉक्समध्ये, म्हणजे वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणाऱ्या डबीत, दिला की ती उतरण १६ हर्ट्झवर जाते आणि लाकूड बोलायला लागतं. डीआय बॉक्स वाद्याजवळच ठेवायचा, हात-दोन हात अंतरावर. तिथून पुढचे पन्नास मीटर बॅलन्स्ड. लॅपटॉप आणि की-बोर्डला मात्र मी ट्रान्सफॉर्मरवाला साधा पॅसिव्ह डीआय पसंत करते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंधच नसतो, त्यामुळे 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण दाबलं की अर्थचा लूप तिथेच तुटतो.

ट्रान्सफॉर्मरचा आणखी एक उपकार असतो फँटम पॉवरच्या बाबतीत. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट मिक्सर त्याच माइक केबलमधून, पिन २ आणि ३ वर ६.८ किलोओमच्या दोन रेझिस्टरमधून पाठवतो. नॉयमन कंपनीने १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी हे बसवलं आणि पुढे ते जगभर झालं. दोन तारांवर सारखाच दाब, म्हणून वजाबाकीत तो ऐकू येत नाही. ही पुन्हा बॅलन्स्डचीच करामत. पण लॅपटॉपचा हेडफोन आउटपुट ॲडॉप्टर लावून त्याच इनपुटमध्ये दिला तर ४८ व्होल्टची तयारी त्याच्यात नसते. लहान मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं, आणि तबल्यावर कंडेन्सर माइक असेल तर ते बंद करता येत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर असला की हे व्होल्ट पलीकडे जातच नाहीत.

हम घालवण्याचा एक रस्ता मात्र मला कुणीही दाखवू नये: तीन पिनांच्या प्लगमधली जाड अर्थ पिन तोडणं किंवा तिच्यावर टेप गुंडाळणं. हम जातो, हे खरं. पण एखाद्या ॲम्प्लिफायरमध्ये आत बिघाड झाला तर त्याची धातूची पेटी जिवंत होते, तिला जोडलेली शील्ड जिवंत होते, आणि गायक ओठ टेकवतो ती माइकची जाळीही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात माइकला हात लागून गेला. आपल्याकडे ओला मंडप, ओली जमीन आणि भाड्याचा जनरेटर हा गणपतीतला नेहमीचा देखावा. अर्थ पिन तोडलेला प्लग दिसला की तो मी कापून बाजूला ठेवते, मालक कितीही चिडला तरी. लूप तोडायचा तो सिग्नलच्या केबलमध्ये, विजेच्या कधीच नाही.

नाट्यगृहांत हमच्या जोडीला 'बझ' असतो, आणि तो दिव्यांकडून येतो. डिमर विजेची प्रत्येक लहर मध्येच कापून दिवा मंद करतो. त्या धारदार कापांतून ५० हर्ट्झच्या पटीतल्या असंख्य लहरी उडतात. दिवे पूर्ण लागलेले असताना फारसा त्रास नाही. अर्ध्यावर आले की करकर वाढते. म्हणजे नेमकं संथ, हळव्या प्रवेशाच्या वेळी. म्हणून दौऱ्यावर पोचल्यावर माझं पहिलं काम माइक लावणं नसतं. लाइटवाल्या दादांना सगळे दिवे अर्ध्यावर आणायला सांगते, एकेक केबल मिक्सरला जोडते आणि दरवेळी थांबून ऐकते. शेवटची कुठली केबल जोडल्यावर करकर आली ते कळलं की दोषी सापडला. बहुतेक वेळा तो माइक नसतो. लॅपटॉप असतो, नाहीतर भिंतीतली जुनी लाइन.

त्या भिंतीतल्या लाइनबद्दल एक मागणी आहे. नाट्यगृहांचं नूतनीकरण होतं तेव्हा खुर्च्या आणि दर्शनी भाग यांवर भरपूर चर्चा होते. रंगमंचावरून ध्वनिकक्षापर्यंत जाणाऱ्या मल्टिकोरमध्ये शील्ड कुठे जोडली आहे, कुठल्या भोकात बॅलन्स्ड सिग्नल आहे आणि कुठल्यात नाही, ध्वनीचा विजेचा फेज डिमरपासून वेगळा आहे की नाही, हे कुठेही लिहिलेलं नसतं. प्रत्येक दौऱ्याचा साउंडवाला ते नव्याने शोधतो, तेही प्रयोगाआधीच्या दोन तासांत. ध्वनिकक्षातल्या भिंतीवर एक आकृती छापून लावायला आणि प्रत्येक भोकाखाली दोन शब्दांची पट्टी चिकटवायला फार पैसे लागत नाहीत. निविदेत त्यासाठी एक ओळ हवी.