गोळी एका अणूएवढी

शिरोली एमआयडीसीत माझे बरेच जुने विद्यार्थी आहेत. कुणी फौंड्रीत, कुणी मशीन शॉपमध्ये. शॉट ब्लास्टिंग काय असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. कास्टिंगवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा केला की चिकटलेली वाळू झडते. सोनेरी ड्रिल मात्र अनेकांना नुसतं रंगवलेलं वाटतं. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर, जाडी काही मायक्रॉन. थर नीट धरावा म्हणून आधी निर्वात पेटीत ड्रिलवर आरगॉनच्या आयनांचा मारा करतात. म्हणजे शॉट ब्लास्टिंगच, फक्त गोळी एका अणूएवढी.

"पण सर, ते बघितलं कुणी?" एका मुलानं विचारलं.

रास्त सवाल. आयन आदळतो, अणू उडतात, हा सारा खेळ सेकंदाच्या लाख कोटीव्या भागांत मोजायचा. म्हणून तो कॉम्प्युटरवर घडवतात. १९६० साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तांब्याच्या सुमारे ५०० अणूंवर असा हिशेब झाला. १९६४ मध्ये अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू कॉम्प्युटरवर हलवून दाखवले. तिथे मारा नव्हता, पण रीत तीच, आणि ती नववीच्या पुस्तकातली आहे. शेजारचे अणू किती ओढतात, किती ढकलतात ते काढा. बलाला वस्तुमानानं भागा, त्वरण मिळालं. अणू केसभरही नव्हे इतका पुढे सरकवा. परत तेच, हजारो वेळा.

अशाच हिशेबांतून एक गंमत उलगडली. एकटा आयन आत घुसतो. हजारभर अणूंचा पुंजका एकदम आदळला तर एकेकाच्या वाट्याला ऊर्जा थोडी येते, आणि उडालेले अणू आडवे सरकतात. उंचवटे झिजतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. क्योटो विद्यापीठात इसाओ यामादा यांनी हे तंत्र वाढवलं.

रहमान १९२७ साली हैदराबादेत जन्मले. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा संगणकीय भौतिकीचा पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. आमच्या उर्दू शाळांत शास्त्रज्ञ म्हटलं की इब्न सिना, अल ख्वारिज्मी, आणि मग हजार वर्षं ओलांडून थेट कलामसाहेब. अनीसुर रहमान हे नाव मी सांगितलं तेव्हा स्टाफरूममधल्या एकानंही ऐकलेलं नव्हतं. विज्ञानाच्या शिक्षकांनीही नाही.