पाण्याचा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध तो काय! पण भालकी-औरादकडे तान्ह्या मुलाला जुलाब लागले, की "दात येत असतील, पाणी पाजू नका" हा सल्ला मराठी घरात मिळतो, तसाच कन्नड घरातही. मराठीत हगवण म्हणा, कन्नडात भेदी म्हणा, समजूत एकच! आमच्या थोरल्या काकूंचेही मत हेच.

लहान मुलांच्या तीव्र जुलाबामागे पुष्कळदा रोटाव्हायरस हा विषाणू असतो. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व सहकाऱ्यांनी तो शोधला. त्याच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. मूल दगावते ते अंगातील पाणी व क्षार संपल्यामुळे. खर्च चालू आणि जमा बंद, तर पेढी बुडणारच! १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून शेकडा ३० वरचे मृत्यू ४ च्याही खाली आणले.

रोटाव्हायरसवरील 'रोटाव्हॅक' लस तर शेजारच्या हैदराबादेत बनते. १९५६ पर्यंत बिदर-गुलबर्गा त्याच राज्यात होते. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तिचे डोस तोंडावाटे मोफत मिळतात.

मित्रहो, आपल्याला दोन्ही भाषा येतात. ज्या घरची जी भाषा, तीत सांगू या : अंगावरचे दूध तोडू नका, ओआरएस पाजा, पेज द्या. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर तडक दवाखाना गाठा. काकूंपासून मी सुरुवात केली आहे.