वेड-नेस-डे

इंग्रजी प्रुफं वाचताना माझे ओठ हलतात. शेजारच्या टेबलावर नवी आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात बिचकलीच होती. मी पुटपुटत होतो ते तिला इंग्रजी वाटेना: वेड-नेस-डे, फेब-रु-आरी, रे-से-इप्ट.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा स्पेलिंगं अशीच घोकली. लिहिलंय ना, मग उच्चारा. मराठी कानाचा हिशेब सरळ. तेव्हाची ती खोड आता पोटापाण्याला येते. रूढ इंग्रजी उच्चार करत वाचलं की डोळा घसरत पुढे जातो आणि गळालेलं अक्षर मन परस्पर भरून टाकतं. ‘फेब-रु-आरी’ म्हटलं की पहिला ‘आर’ गळालेला लगेच खटकतो.

गंमत अशी, की यातली काही मुकी अक्षरं मुळात नव्हतीच. ‘डेट’ म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचमधून आला तो ‘बी’ न घेता. 16व्या शतकाच्या सुमारास पंडितांना लॅटिन ‘डेबिटम’ आठवला नि त्यांनी ‘बी’ घुसवला. तो उच्चारात कधी रुळला नाही. ‘आयलंड’मधल्या ‘एस’ची कथा तर आणखी वाईट. शब्द अस्सल जुना इंग्रजी, लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचं नातं नाही, ते आहे अशा समजुतीने ‘एस’ चिकटला. म्हणजे त्यांची चूक शुद्धलेखन झाली, आणि आज ती चूक करायला कुणी विसरलं तर मी लाल पेन उचलतो. वर त्याचे पैसे घेतो!

कम्प्युटर लाल रेघ मारतो की, असं लोक म्हणतात. मारतो. पण ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडलं तर त्याला दोन्ही ओळखीचे.

एका कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘ए-एल’ऐवजी ‘एल-ई’ छापून गेलं. प्राचार्यांचं तत्त्व झालं. फोन खुद्द ‘तत्त्वा’चाच आला. रात्री बसून 800 प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ते शेवटचं पान मी घाईत, ओठ मिटून वाचलं होतं. छापलंय तसं ‘प्रिन्सि-प्ले’ म्हटलं असतं, तर ‘पाल’ कुठे गेली म्हणून मनात तिथेच चुकचुकलं असतं.