वसूल

जहाजाच्या सफरीहून परत आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे : "केवढ्याला पडलं?" आम्हा बेळगावकरांचा हा स्वभावच आहे. कुंदा आणला तरी आधी भाव विचारणार आणि मग चव बघणार. सफर मुलाने घडवली, त्यामुळे एकूण आकडा मला ठाऊक नाही, आणि विचारला तरी तो सांगायचा नाही. पण त्या सफरीतल्या एका बाबीचा हिशेब मी स्वतः मांडला होता, आणि तोही तीनदा. चौतीस वर्षं बँकेत खाती जुळवली; इतका साधा हिशेब इतका जड कधी गेला नव्हता.

माझा मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पा गावी असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत मी त्याच्याकडे गेलो तेव्हा बरोबर माझा एक जुना मित्र होता. त्याचं नाव इथे देत नाही. कारण पुढे कळेलच. शाळेपासूनची आमची जोडी. दोघांच्याही बायका एकापाठोपाठ एक गेल्या आणि तेव्हापासून संध्याकाळ एकत्र काढायची सवय लागली. "काकांनाही घेऊन या, तुम्हाला सोबत होईल," असा मुलाचाच आग्रह. टॅम्पाहून सुटणाऱ्या जहाजाची सात रात्रींची सफर त्याने ठरवली : ग्रँड केमन, कोस्टा माया आणि कोझुमेल. मुलगा-सून एका केबिनमध्ये, आम्ही दोघे म्हातारे शेजारच्या केबिनमध्ये.

निघायला तीन दिवस होते. रात्री जेवणं झाल्यावर मुलगा संगणक घेऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या दोघांचं ड्रिंक्स पॅकेज घेऊन टाकू का? आत्ता घेतलं तर स्वस्त, जहाजावर चढल्यावर भाव वाढतो."

ही काय भानगड आहे ते आधी सांगतो. जहाजावर राहणं आणि जेवणं तिकिटात येतं. साधं पाणी, साधा चहा-कॉफी, सकाळचा रस, लिंबाचं सरबत हेही बहुधा फुकट असतं. पण बिअर, वाइन, व्हिस्की, बाटलीतलं पाणी, थंड पेयं आणि दुधाच्या फेसाची ती नखरेल कॉफी, या सगळ्याला वेगळे पैसे. रोख कुणी मागत नाही. केबिनची किल्ली म्हणून जे कार्ड देतात तेच दाखवायचं, आकडा खात्यावर चढतो आणि शेवटच्या दिवशी बिल येतं. ज्यांना ती धाकधूक नको त्यांच्यासाठी पॅकेज. दिवसाला ठरावीक रक्कम भरा आणि हवं ते प्या. आपल्याकडे खानावळीत महिन्याचे पैसे भरतात तसंच, फक्त इथे खाडा धरत नाहीत. घेतलं तर सातही दिवसांचं घ्यावं लागतं. मग एखादा दिवस तुम्ही बंदरावर उतरून वाळूत बसून काढा, नाहीतर जहाज लागून केबिनमध्ये आडवे पडा.

आम्हाला सांगितलेला भाव दिवसाला ७५ डॉलर होता. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ८८ डॉलर ५० सेंट. सात दिवसांचे ६१९ डॉलर ५० सेंट. मी खिशातलं पेन काढलं. कॉकटेलचा एक ग्लास १४ डॉलरचा धरला तर शुल्कासह साडेसोळा पडतो. म्हणजे रोज पाचावर ग्लास रिचवले तर पैसे वसूल. बिअर ९ डॉलरची धरली तर रोज आठ पिऊनही वसूल होत नाही, नववी फोडावी लागते. माझं पिणं म्हणजे शनिवारी रात्री दोन लहान पेग.

"पण बाबा, कॉफी येते, पाणी येतं, सगळं धरा," मुलगा म्हणाला. "शिवाय प्रत्येक ग्लासाला आकडेमोड नको. एकदाच तर येताय." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ज्यांची सफर बहुतेक समुद्रावरच जाते, ज्यांना सकाळी दोन कॉफ्या, दुपारी दोन बिअर आणि रात्री जेवणाआधी-नंतर काहीतरी लागतं, त्यांना ते परवडतंच. मनाची मोकळीक ही वस्तूही विकत घेण्यासारखी आहे, हे मला मान्य आहे.

मग त्याने पुढची ओळ वाचली. एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घेतलंच पाहिजे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा असा नियम आहे. एकाने पैसे भरायचे आणि दोघांनी प्यायचं, ही चलाखी बंद करण्यासाठी. म्हणजे आमचा आकडा १२३९ डॉलर झाला. रुपयांत लाखाच्या वर. आणि दोघांपैकी एकटाच पिणारा असल्याने वसूल करायला मला रोज दहा-अकरा ग्लास प्यावे लागले असते. सून हसली. मीही हसलो. मित्र हसला नाही.

माझ्या मित्राने २००६ च्या पावसाळ्यात दारू सोडली. त्याआधीची पंधरा वर्षं त्याने आणि त्याच्या घरच्यांनी काय भोगलं ते लिहिण्याचा अधिकार माझा नाही. काका पीत नाहीत एवढं माझ्या मुलाला माहीत होतं, का ते माहीत नव्हतं.

आणि त्यात माझा वाटा किती, हेही त्याला माहीत नव्हतं. १९८० च्या दशकात आम्ही तिघे-चौघे दर दोन महिन्यांनी खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोड घाटातून गोव्याला उतरायचो. तिकडे दारू स्वस्त. जाण्यायेण्याचं पेट्रोल किती, बाटलीमागे वाचले किती, हा हिशेब बँकवाला म्हणून माझ्याकडे. येताना नाक्यावर तपासणी, त्यामुळे फार आणता यायची नाही. म्हणून तिथेच प्यायची. रात्री कुणी ग्लास पालथा घातला की मी म्हणायचो, "अरे घे अजून एक, पेट्रोल वसूल व्हायचंय!" सगळे हसायचे. मी सकाळी उठून पुन्हा कामाला लागायचो. त्याला ते जमेना झालं. माझ्या त्या एका वाक्याने त्याला व्यसन लागलं असं मी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. पण ते वाक्य माझं होतं.

तर, टॅम्पाच्या त्या स्वयंपाकघरात मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "नको रे पॅकेज."

"का नको?" हे मित्राने विचारलं. मग तो माझ्या मुलाकडे वळला. "कंपनीला फोन लाव. अशा वेळी काही सवलत असेल तर विचारू या."

फोन लागला. पलीकडे एक बाई होत्या. मुलगा काहीतरी आडवळणाने सांगू लागला, तब्येत, डॉक्टर वगैरे. मित्राने त्याच्या हातून फोन घेतला आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत सरळ सांगितलं, "मी अल्कोहोलिक आहे. अठरा वर्षं प्यायलो नाही. माझ्या नावावर दारू लिहू नका." घरात कुणी काही बोललं नाही. बाईंना मात्र काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. त्या म्हणाल्या की तशी नोंद करता येईल. दुसऱ्या माणसाने बिनदारूचं पॅकेज घेतलं तरी चालेल. दिवसाला ३२ डॉलर आणि वर तेच १८ टक्के.

तिसऱ्यांदा हिशेब मांडला. दोघांचे मिळून दिवसाला १२६ डॉलर २६ सेंट. खरं सांगायचं तर तिन्ही वेळा मला मनातून वाटत होतं की आकडा जुळावा. सात दिवस मोकळ्या हाताने प्यावं, ही इच्छा सत्तरीतही असते. पण आता तो हिशेब मला रेटवेना. मी म्हटलं, "राहू दे. तू समोर बसलेला असताना मी रोज पाच ग्लास पिऊ?"

त्यावर तो चिडला. "हे बघ, माझ्यासाठी सोडू नकोस. तुझं ओझं मी वाहणार नाही. तुला एक हवा असेल तर एक घे, दोन हवे असतील तर दोन घे, माझ्या समोर घे. पण वसूल करायला घेऊ नकोस. आणि ते बिनदारूचं पॅकेजही नको. त्या रंगीत सरबतांचे ग्लाससुद्धा तसलेच असतात. हातात धरला तरी जुनं काहीतरी हलतं. मला कॉफी पुरे."

अखेर आम्ही दोघांनी काहीच घेतलं नाही. मुलाने त्याचं आणि सुनेचं घेतलं.

टॅम्पाच्या उपसागरातून बाहेर पडताना जहाज एका मोठ्या पुलाखालून जातं. पुलाची पाण्यापासूनची उंची सुमारे ५५ मीटर. त्याहून उंच जहाजं या बंदरात येऊच शकत नाहीत. डोक्यावरून पूल सरकताना सगळे डेकवर जमले होते आणि बहुतेकांच्या हातात ग्लास होते. केबिनमध्ये परत आलो तर टेबलावर दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका. नाच, पत्त्यांचा डाव, लिलाव, आणि मध्येच एक ओळ : फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू., वेळ अमुक, खोली तमुक. मी म्हटलं, "हा बिल कोण? त्याचे मित्र जहाजावर जमलेत वाटतं."

"मी त्यातलाच," मित्र म्हणाला. बिल डब्ल्यू. म्हणजे १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका डॉक्टरबरोबर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू करणारा गृहस्थ. जहाजांवर त्यांच्या बैठकीची सूचना अशा आडनावाने देतात. ज्याला कळायची त्याला कळते. समुद्रावरच्या प्रत्येक दिवशी तो त्या खोलीत गेला. एकदा मी दारापर्यंत सोबत गेलो. कोण कोण होतं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "सहा जण होतो," एवढंच म्हणाला. "आपल्याकडच्या बैठकीत कुणी कन्नडमधून बोलतं, कुणी मराठीतून. इथे इंग्रजी. पण गोष्ट तीच. फक्त आजचा दिवस."

मला तेव्हा पॅकेजचा नियम आठवला : एका दिवसाचं मिळत नाही.

कोझुमेलच्या दिवशी आम्ही सकाळपासून किनाऱ्यावर होतो. संध्याकाळी जहाजावर परतल्यावर मुलगा घाईने बारकडे निघाला. मी विचारलं, "अरे, जेवायचं नाही?" तो म्हणाला, "बाबा, आज अजून एकच झालाय. दिवस फुकट जाईल. वसूल करायला हवं ना!"

तो गमतीने म्हणाला. मीही गमतीनेच म्हणायचो. त्याला हाताला धरून डेकवर नेलं आणि अनमोड घाटाची गोष्ट सांगितली. पेट्रोलची, नाक्याची, माझ्या त्या वाक्याची. तो बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "काकांना राग नाही आला कधी?" मी म्हटलं, "त्यांनाच विचार." त्याने विचारलं की नाही, मला माहीत नाही. त्या रात्री मात्र तो आमच्याबरोबर जेवायला बसला आणि पाणी प्यायला. मीही त्या रात्री काही घेतलं नाही.

शेवटच्या सकाळी बिल आलं. माझे वाइनचे सहा ग्लास, बारा डॉलरचा एक. मित्राच्या सात कॉफ्या, पाच डॉलरची एक. बेरीज १०७, वर १८ टक्के. एकूण १२६ डॉलर २६ सेंट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोघांच्या पॅकेजचा एका दिवसाचा जो आकडा होता, बरोबर तोच. निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्या बँकवाल्याला असला योगायोग वर्षभर पुरतो. मित्राला दाखवला तर तो म्हणाला, "म्हणजे सात दिवस आपण एकाच दिवसाचं प्यायलो."

आदल्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या टेबलावरचा वाढपी गोव्याचा, सासष्टीकडचा तरुण होता. आम्ही बेळगावचे म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून आमच्याशी कोंकणीतच बोलायचा. माझा ग्लास रिकामा झालेला पाहून त्याने विचारलं, "आनीक हाडूं?"

मी ग्लासावर हात ठेवून म्हटलं, "पुरो."

मित्र हसायला लागला. इतका, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. मला पंगतीत आग्रहाने "इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प" म्हणत वाढणारे आमचे शहापूरचे शेजारी आठवले, आणि पानावर आडवे होऊन "साकु, साकु" ओरडणारे आम्ही. बहुतेक त्यालाही तेच आठवलं असावं. डोळे पुसत तो म्हणाला, "पुरे, पुरो, साकु. तीन-तीन भाषांत शब्द होता रे आपल्याकडे. वापरायला किती वर्षं लागली बघ."