बारा व्होल्टांचे घर

एग्मोर स्थानकातून सुटणाऱ्या एका गाडीला 'बोट मेल' म्हणतात, हे प्रथम ऐकणाऱ्याला विसंगत वाटते. स्थानकाच्या आसपास बोटीला योग्य असे पाणी नाही. जवळून वाहते ती कूवम, आणि तिची आजची प्रकृती पाहता तिच्यावर बोट सोडण्याची कल्पना कोणी करणार नाही. नावाचे मूळ मात्र सरळ आहे. १९०८ साली हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या लाल इमारतीतून निघालेला उतारू १९१४ साली पांबनचा पूल झाल्यानंतर थेट धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागला. तेथे गाडी सोडून आगबोटीत बसायचे, तलैमन्नारला उतरायचे आणि पुन्हा रुळांवरून कोलंबो गाठायचे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकली. बोट गेली, बंदर गेले, रूळही गेले. नाव तेवढे गाडीला चिकटून राहिले.

या गाडीचे बोटीशी आणखी एक नाते होते, आणि ते तिकिटापेक्षा खोल होते. रात्री डब्यांत जे दिवे लागत, त्यांची वीज डब्यातच जन्म घेई. डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेला एक डायनामो आणि खालच्या पेटीत ठेवलेल्या शिशाच्या बॅटऱ्या, एवढाच तो संसार. गाडी धावे तोवर डायनामो दिवे पेटवी आणि उरलेली वीज बॅटरीत साठवी. गाडी थांबली की सारा भार बॅटरीवर येई. बॅटरी थकलेली असली तर लांबलेल्या थांब्यावर दिवे हळूहळू पिवळे पडत आणि गाडी हलली की पुन्हा उजळत. १९३१ साली याच एग्मोरवरून मद्रास बीच ते तांबरम अशी विजेची उपनगरी गाडी मीटर गेजवर धावू लागली. डोक्यावर ताणलेल्या तारेतून १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह ती घेई. म्हणजे एकाच स्थानकात दोन जातींच्या गाड्या उभ्या असत. एकीला माहेर होते. वाटेत हवे तेव्हा हवे तेवढे मागून घ्यावे. दुसरीने मात्र निघताना जे गाठीशी बांधले असेल आणि चालता चालता जे कमावता येईल, त्यावर रात्र काढावी. स्वतःच्या हातांनी नौका बांधणारा माणूस जेव्हा तिच्यात वीज खेळवायला बसतो, तेव्हा तो या दुसऱ्या गाडीचा भाऊबंद असतो.

नौका बांधण्याच्या कामात सुताराला जो मान मिळतो तो वायरमनला मिळत नाही. फळीला फळी कशी बसली, नाळेचे वळण कसे साधले, हे पाहणाऱ्याला दिसते आणि तो त्याचे कौतुक करतो. तारा मात्र फळ्यांच्या आड जातात आणि त्या नीट टाकल्या आहेत की नाही हे कळायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. एग्मोरला लागूनच पुदुपेट्टै आहे. जुन्या मोटारी सोडवून त्यांचे सुटे भाग विकणारी ही पेठ साऱ्या शहराला ठाऊक आहे. अल्टरनेटर, स्टार्टर, दिवे, स्विच, तारांची भेंडोळी, सारे तेथे मिळते. मोटारीची वीज बारा व्होल्टांची, लहान नौकेचीही बहुधा बाराचीच. तेव्हा मोटारीचे सामान नौकेत बसवावे असा मोह कोणालाही होईल. या मोहातच धोका आहे, कारण मोटारीच्या आणि नौकेच्या विजेत व्होल्टांचे साम्य असले तरी स्वभावाचे नाही.

मोटारीत दिव्याकडे एकच तार जाते. परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे येतो. नौकेत हे चालत नाही. लाकडी नौकेला असा सांगाडाच नसतो, आणि लोखंडी नौकेत त्याचा असा उपयोग करणे म्हणजे आपल्या हाताने तिला गंज लावणे. म्हणून प्रत्येक दिव्याला जायची एक आणि यायची एक अशा दोन तारा द्याव्या लागतात. खाऱ्या पाण्यात बुडालेले दोन भिन्न धातू तारेने किंवा ओलीने जोडले गेले की तेथे एक बॅटरीच तयार होते आणि त्यांतील दुबळा धातू झिजू लागतो. पितळेच्या स्क्रूतील जस्त निघून जाते आणि मागे उरतो तो गुलाबी, ठिसूळ तांब्याचा सांगाडा. स्क्रू जागेवर दिसतो, पण त्यात जीव नसतो. यावर तोड म्हणून नौकेच्या तळाशी जस्ताचा एक गोळा मुद्दाम बळी द्यायला बांधतात. झीज सारी त्याने सोसायची. पण तारेतूनच गळती झाली आणि प्रवाह पाण्यावाटे परतू लागला, तर हा बळीही अपुरा पडतो.

घरातल्या वायरमनचा एक शब्द येथे आठवतो. फेज, न्यूट्रल आणि 'अर्थ'. मराठीत या तिसऱ्या शब्दाने गंमत केली आहे. 'अर्थ नीट लागला नाही' हे वाक्य वायरमन उच्चारतो आणि टीकाकारही उच्चारतो, आणि दोघांचीही तक्रार गंभीर असते. घरातला अर्थ म्हणजे जमिनीत पुरलेली तांब्याची पट्टी. काही बिनसले तर वीज जिच्यात निमूटपणे विरून जाईल अशी मातृभूमी. नौकेखाली भूमी नाही. तिला आपला अर्थ आपल्यातच सांभाळावा लागतो.

बारा व्होल्टांचा दुसरा हट्ट तारेच्या जाडीचा. घरात २३० व्होल्टांवर बारीक तारेने भागते. बारांवर तेवढ्याच दिव्याला कितीतरी अधिक प्रवाह लागतो आणि तो वाटेतच खर्ची पडतो. एक साधे गणित पुरेसे आहे. डोलकाठीच्या टोकावर ३६ वॅटचा दिवा असेल तर त्याला ३ ॲम्पिअर लागतात. पेटीपासून टोकापर्यंत १५ मीटर आणि परतीचे १५, म्हणजे ३० मीटर तार. ती दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारे एक व्होल्टाहून थोडे अधिक वाटेतच गळते. बारापैकी एक ही गळती क्षुल्लक वाटेल. पण जुन्या तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टांच्या मानाने फार झपाट्याने उतरतो, आणि एवढ्यावर त्याचा चौथा हिस्सा सहज जातो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टाच्या आत राहते. तार जाड घेतली की पैसे जातात, बारीक घेतली की उजेड जातो. आणि हा उजेड बसून वाचण्यासाठी नसतो. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा ही जी भाषा समुद्राने जगभर मान्य केली आहे, तिच्या अक्षरांपैकी तो एक असतो. पुढच्या दोन दिव्यांनी प्रत्येकी साडेएकशेबारा अंशांतून दिसावे, मागच्याने एकशे पस्तीस अंशांतून. बेरीज तीनशेसाठ. समोरून येणाऱ्या जहाजाच्या तांडेलाला एवढ्यावरून उमगते की ही नौका येते आहे, जाते आहे की आडवी ओलांडते आहे. अक्षर पुसट झाले तर वाचणारा चुकीचे वाचतो, आणि अशा वाचनाची दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीत करता येत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतील. तार एकसंध कांडीची नको, बारीक तंतूंची हवी आणि त्या तंतूंवर कथलाचा मुलामा हवा. सांधे डाखापेक्षा दाबून केलेले बरे, कारण नौका कधीच स्थिर नसते आणि डाख जेथे संपतो तेथे तार मोडते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. बॅटरी घट्ट बांधलेली असावी आणि तिच्या जागेत हवा खेळावी, कारण भरताना ती हायड्रोजन सोडते. तळातले पाणी उपसणारा पंप मात्र मुख्य स्विचला बगल देऊन, स्वतःच्या फ्यूजसह, थेट बॅटरीला जोडावा. मालक सारे बंद करून घरी निघून गेल्यावरही नौकेने स्वतःची काळजी घ्यावी, एवढीच यामागची अपेक्षा.

या साऱ्या नियमांना किती किंमत आहे हे मुंबईत बांधलेल्या एका नौकेच्या कथेत दिसते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्दीने मुंबईत देशी सुतारांकडून सागवानाची बत्तीस फुटी नौका बांधून घेतली. १९६४ साली ती पाण्यात उतरली. तिचे नाव 'सुहैली'. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे ३१२ दिवसांनी, कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. सुतारांचे काम टिकले. विजेचे टिकले नाही. बॅटरी तपासताना तिच्यातले आम्ल त्याच्या डोळ्यात उडाले, आणि पुढे रेडिओने साथ सोडली. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याशी तो दिसला, त्यानंतर एप्रिलपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. त्या महिन्यांत तो जिवंत होता, नौका चालवीत होता; फक्त तसे सांगू शकत नव्हता. जिवंत असणे आणि तसे कळवता येणे या दोन गोष्टींमध्ये त्या काळी तांब्याची एक तार होती.

पुढचा अध्याय गोव्याचा. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी धरलेल्या ध्यासातून एका भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी असे ठरले, आणि मोठ्या गोदीकडे न जाता ते काम दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात आले. २००९ साली तेथून नौदलाला मिळालेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात, वाटेत चार बंदरे घेऊन, प्रदक्षिणा पुरी केली. नौका बांधली जात असतानाच दोंदे त्या कामात होते. जो माणूस एकटाच जाणार आहे, त्याला कोणती तार कोठून जाते हे बांधतानाच ठाऊक असावे लागते, कारण समुद्रावर तोच सुतार, तोच वायरमन आणि तोच गिऱ्हाईक. अशा प्रवासात विजेचा एक मोठा खाऊगडी म्हणजे स्वयंचलित सुकाणू. दिवे मिणमिणते चालतील. पण माणूस झोपला असता सुकाणू धरणारा हा अदृश्य सोबती उपाशी राहून चालत नाही. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून विनाथांबा प्रदक्षिणा केली.

त्याच टॉमींची २०१८ ची कथा अधिक विचारात पाडणारी आहे. 'सुहैली'च्या पराक्रमाच्या पन्नासाव्या वर्षी एक शर्यत निघाली आणि तिचा दंडकच असा की स्पर्धकाने १९६८ सालातल्यासारखे जावे. उपग्रहाचा वाटाड्या नाही, विजेवरचे सुकाणू नाही. सेक्स्टंटने सूर्य मोजायचा आणि वाऱ्यावर चालणाऱ्या पात्याने दिशा राखायची. टॉमींसाठी गोव्यात 'सुहैली'चीच प्रतिकृती बांधली गेली, तिचे नाव 'तुरीय'. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. उठून बसणेही अशक्य होते. सुरक्षेसाठी म्हणून जी थोडी यंत्रे नियमांनी मान्य केली होती, त्यांपैकी एका लहानशा उपकरणावरून त्यांनी मोजक्या शब्दांत आपली अवस्था कळवली. भारतीय नौदलाच्या पी-८ आय विमानाने नौका शोधली आणि २४ सप्टेंबरला 'ओझिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांना उचलून घेतले. त्या जातीच्या विमानांचा एक तळ अरक्कोणमला आहे; चेन्नईहून लोकल गाडीने तेथे जाता येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या साधेपणाची ही मनोरम पुनरावृत्ती अखेर ज्या गोष्टीने तडीस नेली ती साधेपणाबाहेरची होती. शर्यतीच्या रसिकांना हे मान्य होणार नाही कदाचित. पण 'सुहैली'चे मुके महिने ज्यांनी वाचले आहेत त्यांना ते मान्य करावे लागेल.

एग्मोरमध्ये कोन्नेमारा ग्रंथालय आहे. १८९६ साली ते खुले झाले, आणि १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत त्याला मिळावी असे ठरले. म्हणजे मराठी पुस्तकानेही एग्मोरला यायचे आहे. गलबत, मचवा, पडाव, नाळ, सुकाणू, नांगर हे शब्द कादंबऱ्यांतून आणि आंग्र्यांच्या इतिहासांतून या शहरात येऊ शकतात. फ्यूज, क्रिम्प आणि अल्टरनेटर हे शब्द मात्र मराठीतून तमिळनाडूत येत नाहीत आणि जातही नाहीत, कारण ते दोन्हीकडे आधीच आहेत. मराठी माणूस म्हणतो 'लाइट गेली', तमिळ माणूस म्हणतो 'करंट पोयिडुच्चु'. मूळ इंग्रजीतच आहे. एकाने उजेड घेतला, दुसऱ्याने प्रवाह. हातांच्या भाषेचा तुलनात्मक अभ्यास करायचा तर येथून आरंभ करता येईल. कट्टुमरम् हा शब्द, बांधलेले लाकूड एवढ्या साध्या अर्थाचा, इंग्रजीत कॅटामरान होऊन जगभर फिरला. तो बांधणाऱ्यांकडून आला, लिहिणाऱ्यांकडून नव्हे.

नौकेचा वायरमन लिहितोही, पण त्याला कोणी लेखन म्हणत नाही. तो प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा बांधतो आणि स्विचच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो. एक म्हणजे पंप, दोन म्हणजे टोकाचा दिवा, तीन होकायंत्राचा, असे. या कागदाचा वाचक बहुधा एकच असतो. तो अंधारात, डोलत्या फळीवर गुडघे टेकून, विजेरी दातांत धरून वाचत असतो आणि त्याचे हात ओले असतात. म्हणून जाणते वायरमन हा कागद शाईने लिहीत नाहीत. शाई पाण्याने पसरते, पेन्सिलीचे अक्षर राहते.